पुढच्या फोर्कमधील प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग : एका जुन्या वादाची सद्यःस्थिती

मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये कारखान्याने घातलेली स्प्रिंग काढून तिच्या जागी दाबाबरोबर ताठरता वाढत जाणारी, म्हणजे बाजारात जिला प्रोग्रेसिव्ह म्हणतात ती, स्प्रिंग घालावी, की स्वाराच्या वजनाला साजेशी पण आरंभापासून अखेरपर्यंत एकसारख्या ताठरतेची, जिला लिनियर म्हणतात ती, घालावी, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे कारागीर, स्वार आणि स्प्रिंगांचे कारखानदार यांच्यामध्ये चर्चिला जात आहे. दोन्ही पक्षांच्या कैफियती आता इतक्या साचल्या आहेत की त्यांतील कोणती विधाने गणिताने सिद्ध होणारी, कोणती अनुभवावर उभी आणि कोणती केवळ विक्रीच्या सोयीची, याची निवड करून ठेवणे उपयुक्त ठरावे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे. लेखकाचा कल जेथे डोकावेल तेथे तो लपविलेला नाही.

पूर्वपीठिका

स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात तिचा विरोध वाढतो, हा नियम रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला; परंतु मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला ती स्प्रिंग नळीच्या पोटात घालून देण्याची तजवीज विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत रुळली नव्हती. तोवर बहुतेक गाड्यांवर गर्डर पद्धतीचे, सांध्यांवर हलणारे आणि उघड्या स्प्रिंगचे फोर्क असत. डेन्मार्कच्या निंबस कंपनीने १९३४ मध्ये दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा फोर्क आणला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आपल्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांवर त्याच रचनेला तेलाच्या अवमंदनाची जोड दिली. महायुद्धात, १९४१ पासून, ब्रिटिश लष्कराच्या मॅचलेस जी-३/एल या गाडीने तो फोर्क शेतातून आणि चिखलातून नेला. पुढे १९५५ मध्ये मद्रासला रॉयल एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली तेव्हा आपल्याकडच्या मिस्त्रीलोकांच्या हातांनाही तो फोर्क नित्याचा होऊ लागला.

या रचनेत एक मूळचीच अडचण आहे. दोन नळ्यांच्या त्या जोडीने गाडीचे वजन पेलायचे, रस्त्याचे दणके गिळायचे, चाकाला दिशा द्यायची आणि ब्रेकचा सर्व भारही सोसायचा. आणि या कामांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. दणका गिळायला स्प्रिंग मऊ हवी, ब्रेक सोसायला ती कडक हवी. होंडाने १९६९ मध्ये सीबी-७५० या गाडीला पुढे डिस्क ब्रेक दिला, पाठोपाठ जपानी गाड्या वजनाने आणि वेगाने वाढत गेल्या, आणि ब्रेक दाबताच गाडीचे नाक खाली जाण्याची तक्रार सार्वत्रिक झाली. नवव्या दशकाच्या आरंभी होंडा, सुझुकी, कावासाकी आणि यामाहा या चौघांनीही त्यावर अँटी-डाइव्ह नावाच्या झडपांचा उपाय करून पाहिला; थोड्याच वर्षांत तो बहुतेकांनी सोडून दिला, कारण ब्रेक दाबलेला असताना खड्डा आला म्हणजे फोर्क नेमका त्याच क्षणी आखडून बसे.

याच काळात सुट्या स्प्रिंगांचा व्यापार उदयास आला. अमेरिकेत १९८२ मध्ये प्रोग्रेसिव्ह सस्पेन्शन ही कंपनी निघाली आणि तिच्या नावानेच तिचा पक्ष जाहीर केला. जर्मनीत विर्थ व विल्बर्स आणि नेदरलँड्समध्ये हायपरप्रो यांनी चढत्या ताठरतेच्या स्प्रिंगांचा पुरस्कार केला. उलट पक्षी १९८४ मध्ये पॉल थीड यांनी कॅलिफोर्नियात स्थापलेल्या रेस टेक या संस्थेने फोर्कसाठी एकसम स्प्रिंगचीच शिफारस धरून ठेवली. आजचा वाद बव्हंशी या दोन गोटांच्या भाषेत चालतो.

स्प्रिंग कडक होते म्हणजे काय होते

मळसूत्री स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते आणि वेढ्याच्या व्यासाच्या घनाच्या व हालचाल करू शकणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. तार ५ टक्क्यांनी जाड केली तर ताठरता २१ टक्क्यांहून अधिक वाढते, इतका हा हिशेब तीव्र आहे. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगमध्ये तार तीच आणि पोलादही तेच. फक्त एका टोकाचे वेढे जवळजवळ गुंडाळलेले असतात. स्प्रिंग दबू लागली की हे दाट वेढे प्रथम एकमेकांना टेकतात, टेकलेला वेढा कामातून बाद होतो, उरलेल्या थोड्या वेढ्यांवर भार पडतो आणि म्हणून ताठरता चढते. निम्मे वेढे बाद झाले तर ती दुप्पट होईल. दाट आणि विरळ असे दोनच भाग असतील तर ताठरतेत एक पायरी दिसते. अंतर वेढ्यागणिक वाढत गेले असेल तर ती सलग चढते. बाजारात दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात आणि वादातील बराच गोंधळ या नावाच्या सैलपणातून उद्भवतो, कारण एकाने पायरीच्या स्प्रिंगवर घेतलेला आक्षेप दुसरा सलग चढणाऱ्या स्प्रिंगच्या दाखल्याने खोडून काढीत असतो.

येथे एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे, पण ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते : फोर्कमध्ये पोलादाच्या स्प्रिंगखेरीज आणखी एक स्प्रिंग मूळचीच असते आणि ती हवेची. तेलाच्या पातळीच्या वर नळीत कोंडलेली हवा फोर्क दबताना बॉइलच्या नियमाप्रमाणे आवळली जाते. फोर्कची चाल १३० मिलिमीटर, नळीचा व्यास ३७ मिलिमीटर आणि पूर्ण दबलेल्या स्थितीत तेलावर हवेचा १५० मिलिमीटर थर, असे धरून स्थूल गणित केले तर अर्ध्या चालीला ही हवा एका पायात सुमारे ३.४ किलो आणि पूर्ण चालीला सुमारे ९.६ किलो विरोध देते. चाल दुप्पट झाली आणि विरोध जवळजवळ तिप्पट झाला. तेल थोडे वर चढविले की हा बाक आणखी तीव्र होतो. म्हणजे एकसम स्प्रिंग घातलेला फोर्कही वस्तुतः एकसम नसतो. ही बाब ध्यानात घेतली की प्रश्नाचे रूप पालटते : फोर्कमध्ये चढती ताठरता हवी की नको, याऐवजी ती किती हवी आणि ती पोलादाकडून घ्यावी की हवेकडून, असे विचारावे लागते.

पुरस्कर्त्यांची बाजू

प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगच्या कैवाऱ्यांचा पहिला आधार सोईचा आहे. मनुष्याचे शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते, हे कंपनविषयक आंतरराष्ट्रीय प्रमाणांत १९७४ पासून नमूद आहे. बारीक खडबडीत रस्त्यावरचे धक्के हातांपर्यंत व खांद्यांपर्यंत पोचू नयेत यासाठी चालीचा आरंभ मऊ हवा. दुसरा आधार ब्रेकचा. स्वारासह २५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटर आणि दोन चाकांतील अंतर १४०० मिलिमीटर असताना गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने वेग कमी केला तर मागच्या चाकावरून सुमारे ५८ किलो भार पुढच्या चाकावर येतो. शिवाय फोर्क तिरपा असल्यामुळे ब्रेकच्या बळाचा एक हिस्सा स्वतःच त्याला दाबीत राहतो. हा भार पेलायला चालीचा उत्तरार्ध कडक हवा, नाही तर फोर्क तळाला आपटतो, आणि तळाला आपटलेला फोर्क पुढच्या खड्ड्याला निरुपयोगी असतो. एकच स्प्रिंग या दोन्ही गरजा भागवीत असेल तर दोहोंमधील तडजोड कशाला, असा त्यांचा सवाल आहे.

तिसरा मुद्दा बदलत्या ओझ्याचा. तीच गाडी सोमवारी एकटा स्वार कचेरीत नेतो आणि रविवारी पाठीमागे माणूस व सामान घेऊन घाट चढतो. दर वेळी स्प्रिंग बदलणे शक्य नसल्याने, चढती ताठरता हाच व्यवहार्य मार्ग होय. हा मुद्दा मागच्या शॉकला जितका लागू आहे तितका पुढच्या फोर्कला नाही, कारण पाठीमागच्या माणसाचे वजन मुख्यतः मागच्या चाकावर पडते. स्वार स्वतः किती वजनाचा आहे यानेच पुढचा भार मुख्यतः ठरतो आणि तो रोज बदलत नाही.

प्रतिपक्ष

एकसम स्प्रिंगच्या समर्थकांचा मुख्य आक्षेप असा की मऊ वेढे ज्या कामासाठी दिलेले असतात ते काम सुरू होण्यापूर्वीच ते संपून गेलेले असतात. उदाहरणाने हे स्पष्ट होईल. प्रत्येक पायात आरंभी ०.५ आणि ४० मिलिमीटर दबल्यानंतर ०.९ किलो प्रति मिलिमीटर अशी पायरीची स्प्रिंग आहे, बसविताना ती २० मिलिमीटर आधीच दाबलेली आहे, आणि स्वार बसल्यावर फोर्कवर ८० किलो भार येतो असे समजू. दोन्ही पायांचा हिशेब केला तर पहिल्या २० मिलिमीटर चालीतच मऊ टप्पा खर्ची पडतो, तेव्हा केवळ ४० किलो पेललेले असतात, आणि उरलेले ४० किलो कडक भागावर येऊन गाडी एकंदर ४२ मिलिमीटर बसते. म्हणजे स्वार गाडी रस्त्यावर काढतो त्या क्षणी मऊ वेढे मिटलेले आहेत आणि पुढे येणारा प्रत्येक उंचवटा त्याला १.८ च्या ताठरतेने भेटणार आहे. त्याच गाडीत ०.७५ ची एकसम जोडी तेवढ्याच पूर्वदाबाने घातली असती तर गाडी ३३ मिलिमीटर बसली असती आणि उंचवट्याला १.५ च्या ताठरतेने सामोरी गेली असती. मऊपणासाठी घेतलेली स्प्रिंग अशा रीतीने गाडी अधिक खाली बसविते आणि उंचवट्याला अधिक कडक लागते.

यावर पुरस्कर्त्यांचे उत्तर दुबळे नाही. पहिले असे की चाक जेव्हा खळग्यात उतरते तेव्हा ते मिटलेले वेढे पुन्हा उघडतात आणि चाक रस्त्याला धरून राहते. दुसरे असे की उदाहरणातील दोष पायरी चुकीच्या जागी ठेवण्याचा आहे आणि जाणता कारखानदार ती स्वार बसल्यानंतरच्या स्थितीच्या पलीकडे ठेवतो किंवा पायरीच ठेवीत नाही. दोन्ही उत्तरे तत्त्वतः खरी आहेत. व्यवहारात मात्र पाकिटावर ताठरतेचे दोन आकडे असले तरी बदल किती मिलिमीटरवर होतो हे फारसे छापलेले नसते आणि ग्राहकाला ते पडताळण्याचे साधन उपलब्ध नसते.

दुसरा आक्षेप अवमंदनाचा असून माझ्या मते तो या वादातील सर्वांत वजनदार आहे. स्प्रिंगला परत येताना आवरणारे तेल तिच्या ताठरतेला अनुरूप असावे लागते. ताठरता वाढली की योग्य अवमंदनही वाढते, साधारणपणे तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. ताठरता ०.५ पासून ०.९ पर्यंत बदलत असेल तर योग्य अवमंदन दोन टोकांना सुमारे एक-तृतीयांशाने भिन्न ठरते, पण तेलाची वाट एकच असते. मऊ भागासाठी ती जुळविली तर खोल दबलेला फोर्क परतताना उसळतो. कडक भागासाठी जुळविली तर वरच्या भागात चाक उशिरा परतते आणि लागोपाठच्या खड्ड्यांवर फोर्क हळूहळू खाली साचत जातो. जुन्या पद्धतीच्या, नुसत्या भोकांतून तेल ढकलणाऱ्या फोर्कमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत, ही जुळवणी मुळातच ढोबळ असते. त्यामुळे प्रतिपक्ष म्हणतो की दोष आणखी वाढवू नये, आणि पुरस्कर्ते म्हणतात की जेथे अवमंदन मुळातच ढोबळ तेथे एवढ्या सूक्ष्म विसंगतीने काय बिघडणार. या एका मुद्द्यावर दोघेही एकाच वस्तुस्थितीवरून विरुद्ध निष्कर्ष काढतात.

मोटोक्रॉसच्या क्षेत्रातला एक प्रसंग येथे उल्लेखनीय आहे. होंडाने २०१३ च्या सीआरएफ-४५०-आर या गाडीला पोलादी स्प्रिंग काढून टाकून केवळ हवेवर चालणारा फोर्क दिला. वजन घटले, पण हवेचा तो तीव्र बाक अनेक स्वारांच्या हाताला रुचला नाही, आणि २०१७ च्या गाडीत कंपनीने पोलादी स्प्रिंग परत आणली. चढत्या ताठरतेलाही मर्यादा असते एवढे यावरून दिसते. रस्त्यावरच्या गाडीला ती मर्यादा कोठे पडते, हे मात्र यावरून ठरत नाही.

बसविण्याचे काम

वादाचा एक हिस्सा कारखान्यात जन्मतो आणि दुसरा गॅरेजमध्ये. फोर्कच्या माथ्यावरचे झाकण दबलेल्या स्प्रिंगवर बसलेले असते. पुढचे चाक अधांतरी न करता ते उघडले तर गाडी एकदम खाली बसते, आणि शेवटचे दोन आटे सुटताना तळहाताचा दाब वरून कायम ठेवला नाही तर झाकण उसळते व नळीचे बारीक आटे झिजतात. म्हणून एका वेळी एकच पाय उघडावा, जुने तेल पूर्ण निथळू द्यावे, स्प्रिंग बाहेर ठेवून व फोर्क तळापर्यंत दाबून नळीच्या काठापासून तेलाची पातळी पट्टीने मोजावी आणि दोन्ही पायांत ती तंतोतंत सारखी ठेवावी. नवी स्प्रिंग लांबीने निराळी असेल तर वरचा स्पेसर पुन्हा कापावा लागतो. तो बहुधा पीव्हीसी नळीचा असतो, कापलेला काठ घासून चौरस करावा लागतो आणि दोन्ही टोकांना पोलादी वायसर द्यावा लागतो, अन्यथा स्प्रिंगची तार प्लॅस्टिक कुरतडते.

दाट वेढे वर ठेवावेत की खाली, यावर कारागीर तावातावाने बोलतात. ताठरतेच्या दृष्टीने त्यात काहीही तफावत नाही, कारण स्प्रिंगच्या सर्व वेढ्यांवर एकच भार असतो. वर ठेवल्यास चाकाबरोबर हलणारे वजन थोडे घटते, खाली तेलात ठेवल्यास वेढे टेकण्याचा आवाज कमी येतो, असे दोन्हीकडून सांगतात. कारखानदाराची सूचना असेल तर ती पाळावी आणि वाद तेथे मिटवावा.

तेलाविषयी मात्र हयगय चालत नाही. डब्यावर १० डब्ल्यू लिहिलेली दोन कंपन्यांची तेले प्रत्यक्ष पातळपणात बरीच निराळी निघतात, कारण तो अंक काटेकोर माप नव्हे. सेंटिस्टोकचा आकडा पाहावा. आपल्याकडे 'स्प्रिंग बसली' म्हणून वर पॅकिंग घालण्याचा किंवा जाड तेल ओतण्याचा जो रिवाज आहे, त्याने गाडीची उंची वाढते व हालचाल मंदावते, परंतु ताठरता वाढत नाही. जुन्या स्प्रिंगची लांबी कालांतराने घटते हे खरे. तिची ताठरता तारेच्या व वेढ्यांच्या मापावर ठरलेली असल्याने ती तशीच राहते.

आपल्या रस्त्यांचा संदर्भ

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. गावच्या वेशीवर रात्रीतून उभ्या राहणाऱ्या डांबराच्या आखूड वरंब्यांचा या प्रमाणाशी संबंध नसतो. अशा वरंब्यावर फोर्क तीव्र वेगाने दबतो आणि तीव्र वेगाच्या त्या दणक्यात स्प्रिंगपेक्षा तेलाचा विरोध अधिक जाणवतो. परदेशी कारखान्यांच्या शिफारशी गुळगुळीत मार्गावरच्या लांब प्रवासाला धरून केलेल्या असल्यामुळे त्या जशाच्या तशा उचलण्यात धोका आहे. वाळूजला एन्ड्युरन्ससारखे फोर्क बनविणारे मोठे कारखाने महाराष्ट्रातच आहेत. तरी स्वाराच्या वजनानुसार ताठरतेचा तक्ता देऊन सुट्या स्प्रिंगा विकण्याची प्रथा आपल्या बाजारात अद्याप रुजलेली नाही, आणि ग्राहकाला 'कडक' व 'मऊ' या दोन शब्दांवर भागवावे लागते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. जर्मनीत अशा स्प्रिंगबरोबर अधिकृत मान्यतेचा दस्तऐवज मिळतो. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफाराला हरकत घेते. स्प्रिंगची ताठरता हा त्या पत्रातील रकाना नव्हे. मात्र गाडी हमीच्या मुदतीत असेल तर विक्रेत्याकडे आधी लेखी खुलासा मागावा.

अनिर्णित राहिलेले

सर्वांत मोठी उणीव पुराव्याची आहे. जो स्वार नवी स्प्रिंग घालतो तो त्याच दिवशी जुने तेल बदलतो, सील बदलतो आणि पूर्वदाबही सुधारून घेतो. शिवाय त्याची मूळची स्प्रिंग त्याच्या वजनाला बहुधा मऊच असते. सुधारणा जाणवली तर ती चढत्या ताठरतेची, की नुसत्या अधिक ताठरतेची, की ताज्या तेलाची, हे त्याला सांगता येत नाही, आणि त्याच्या साक्षीवर मात्र दोन्ही पक्ष आपापले दावे रचतात. दुसरा अनिर्णित मुद्दा इलेक्ट्रॉनिक अवमंदनाचा. २०१३ च्या सुमारास बीएमडब्ल्यू आणि डुकाटी यांनी क्षणोक्षणी अवमंदन बदलणारी यंत्रणा रस्त्यावरच्या गाड्यांत आणली. तेलाची वाट जर ताठरतेच्या मागोमाग बदलू शकत असेल तर प्रतिपक्षाचा सर्वांत भारी आक्षेप निदान तत्त्वतः सौम्य होतो. सामान्य किमतीच्या गाडीला ती यंत्रणा केव्हा लाभेल, यावर त्या आक्षेपाचे आयुष्य अवलंबून आहे. आणि तिसरा मुद्दा स्वाराच्या पसंतीचा : संथ प्रवास करणाऱ्याला पहिल्या काही मिलिमीटरांचा मऊपणा खरोखरच सुखाचा वाटत असेल, तर वळणावरच्या अचूकतेच्या नावाखाली तो त्याच्यापासून काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही तक्त्याला नाही.

तूर्त एवढे म्हणता येते की ताठरतेचा आकडा वजनाला जुळणे हे ती चढती असण्या-नसण्यापेक्षा आधीचे काम आहे. तो आकडा जुळला, तेल ताजे व योग्य पातळीवर असले, तर मध्यम प्रमाणात चढणारी सलग स्प्रिंग आणि एकसम स्प्रिंग यांतील उरलेला फरक सामान्य रस्त्यावर लहान असतो, आणि पायरीची स्प्रिंग त्या मानाने अधिक जोखमीची ठरते. म्हणून वाचकांस विनंती अशी की पैसे मोजण्यापूर्वी एका साहाय्यकाला गाडी सरळ धरायला सांगून, फोर्कच्या नळीवर रबराची गाठ बांधून, आपण बसल्यावर फोर्क किती मिलिमीटर दबतो ते पट्टीने मोजावे. रस्त्यावरच्या गाडीत हा आकडा एकूण चालीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान असावा. तो तसा आधीच असेल आणि फोर्क तळाला आपटत नसेल, तर नवी स्प्रिंग घेण्याचे कारण नाही.